टार्गेट एअर रायफलसाठी अचूक पेलेट कसे निवडावेत : नवोदितांसाठी मार्गदर्शक

टार्गेट रायफलच्या काही प्रकारांत, विशेषतः ३०० मीटरच्या सेंटरफायर (बारुदाच्या मोठ्या काडतुसांच्या) प्रकारात, जिथे कायद्याने परवानगी असते तिथे नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात आणि आपल्या रायफलला जुळणारी बारूद आणि गोळी यांची जोडी शोधतात. १० मीटर एअर रायफलमध्ये ही सोय नाही. पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, कारखान्यातून तयार होऊन येतो, आपण त्यात भर घालू शकत नाही. तरीही आपल्या बॅरलला नेमका कोणता पेलेट मानवतो हे शोधण्याचे काम उरतेच, आणि ते काम काडतुसे भरण्याइतकीच शिस्त मागते. हा लेख त्या कामाबद्दल आहे. ज्यांनी नुकतीच स्वतःची मॅच रायफल घेतली आहे आणि पेलेटच्या डब्यांसमोर जे गोंधळून उभे आहेत, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे.

आधी हे काम कितपत महत्त्वाचे आहे ते समजून घ्या

१० मीटर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचा बिंदू केवळ ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. पेलेट ४.५ मिलिमीटरचा असल्यामुळे त्याची कड त्या बिंदूला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरपर्यंत सरकले तरी दहा सुटत नाहीत. दशांश गुणांकनात मात्र याच अडीच मिलिमीटरचे दहा भाग पडतात. केंद्रापासून प्रत्येक पाव मिलिमीटर दूर गेल्यावर ०.१ गुण जातो आणि १०.९ साठी पेलेट जवळजवळ मधोमधच लागावा लागतो. पात्रता फेरीत ६० शॉट आणि कमाल ६५४.० गुण असतात.

नेमबाजाच्या हाताची चूक आणि पेलेटची चूक यांची साधी बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करून बेरीज घ्यावी लागते आणि मग तिचे वर्गमूळ काढावे लागते. याचा परिणाम मोठा गमतीचा आहे. समजा, एखाद्या नवोदिताचे शॉट केंद्रापासून सरासरी ५ मिलिमीटरवर लागतात. त्याने सरासरी ०.३ मिलिमीटर विखुरणारा चांगला पेलेट सोडून दुप्पट, म्हणजे ०.६ मिलिमीटर विखुरणारा पेलेट वापरला, तर ६० शॉटमध्ये त्याचे सुमारे ०.६ ते ०.७ गुण जातील. सरासरी १०.४ मारणाऱ्या अनुभवी नेमबाजाने हाच बदल केला तर त्याचे मात्र दोन गुणांहून अधिक नुकसान होईल, आणि मोठ्या स्पर्धेत अंतिम फेरीतले आठवे स्थान यापेक्षा कितीतरी कमी फरकाने हुकते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्यांची सरासरी अजून नऊच्या आसपास आहे त्यांनी कोणताही नामांकित मॅच पेलेट घ्यावा, तो बदलू नये आणि आपला वेळ उभे राहण्याच्या स्थितीवर, श्वासावर आणि ट्रिगरवर घालवावा. सरासरी दहाच्या वर स्थिरावली की पेलेटची चाचणी घेण्याची वेळ आली असे समजावे. पण चाचणी कशी घ्यायची हे आधीपासून माहीत असलेले बरे, कारण चुकीच्या पद्धतीने घेतलेली चाचणी ही न घेतलेल्या चाचणीपेक्षा जास्त दिशाभूल करते.

पेलेट हातात घेऊन पाहा

मॅच पेलेट शिशाचा असतो, कमरेत बारीक, डमरूसारखा. पुढच्या भागाला डोके म्हणतात आणि मागच्या पोकळ, पातळ कडेच्या भागाला स्कर्ट. डोके सपाट असते, त्यामुळे कागदावर स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण वाचताना वाद होत नाही. डोके बॅरलमधल्या खाचांवर टेकून पेलेटला सरळ ठेवते; मागून हवेचा दाब आला की स्कर्ट फुलतो, खाचांत घट्ट बसतो आणि हवा निसटू देत नाही. अचूकतेचे बरेचसे गुपित या दोन गोष्टींत आहे. डोके सैल असेल तर पेलेट बॅरलमध्ये किंचित तिरका राहतो, आणि स्कर्ट चेपलेला असेल तर बॅरलच्या तोंडातून बाहेर पडताना हवा एका बाजूने आधी सुटते व पेलेटला धक्का देते.

रायफलचा मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. पिस्तुलासाठीचा पेलेट हलका, सुमारे ०.४५ ग्रॅमचा असतो. काही रायफली त्यानेही चांगले ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉटचे पुंजके) देतात, पण सुरुवात रायफलच्या पेलेटने करावी. डब्यावर डोक्याचे माप छापलेले असते, ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक खरा असतो, आणि कोणते माप आपल्या बॅरलला बसेल हे चाचणीशिवाय कोणीही सांगू शकत नाही. मित्राच्या त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या रायफलला ४.५० चालते, म्हणून तुमच्या रायफललाही चालेलच असे नाही. निवड पेलेटची नसते, बॅरल आणि पेलेट यांच्या जोडीची असते.

मापाखेरीज लॉट, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेला पेलेटचा गट, हाही पाहावा लागतो. पेलेट साच्यांतून निघतात, साचे झिजतात आणि बदलले जातात, त्यामुळे एकाच नावाच्या आणि एकाच मापाच्या दोन डब्यांत फरक असू शकतो. डब्याच्या तळाशी किंवा चिकटपट्टीवर लॉट क्रमांक, साच्याचा क्रमांक किंवा उत्पादनाची तारीख असते. ती वहीत उतरवून ठेवल्याशिवाय डबा उघडू नये. आर.डब्ल्यू.एस.चा आर १०, एच अँड एनचा फिनाले मॅच, तसेच जे.एस.बी. आणि वोगेल यांचे मॅच पेलेट जगभरच्या रेंजवर दिसतात. यांतला सर्वांत चांगला कोणता, हा प्रश्नच चुकीचा आहे.

पहिली पायरी : रायफल निर्दोष आहे याची खात्री

पेलेटवर दोष टाकण्याआधी रायफलकडे पाहा. अ‍ॅक्शन (रायफलची यंत्रणा) आणि स्टॉक (तिला धरणारा दस्ता) जोडणारे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या ताकदीने आवळलेले आहेत का, साइट (नेम धरायचे साधन) हलत नाही ना, बॅरलवर लावलेले वजन किंवा नळी सैल नाही ना, हे हाताने तपासा. मॅच रायफलचा हवेचा सिलिंडर सहसा २०० बारपर्यंत भरतात. चाचणीच्या वेळी तो मधल्या पट्ट्यात ठेवावा आणि दाब खाली येऊ लागला की पुन्हा भरावा. सिलिंडरवर छापलेली मुदत संपलेली नाही हेही पाहा. स्पर्धेत ती जबाबदारी नेमबाजाचीच मानली जाते, आणि मुदत संपलेला सिलिंडर हा केवळ नियमाचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे.

रेंजवर क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजणारे यंत्र, मिळत असेल तर दहा शॉटचा वेग अवश्य मोजावा. मॅच एअर रायफलचा वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास असतो. या वेगाने पेलेटला १० मीटर जायला सेकंदाचा सुमारे सतरावा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात तो साधारण १७ मिलिमीटर खाली येतो. वेगात २ मीटरचा फरक पडला तर लक्ष्यावर उंचीत सुमारे ०.४ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे दीड दशांश गुण गेला. वेग जर शॉटमागून शॉट याहून जास्त हेलकावत असेल, तर दोष बहुधा रेग्युलेटरमध्ये (हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागात) किंवा सीलमध्ये आहे. आधी रायफल दुरुस्त करून घ्या. अशा रायफलवर कोणतेही पेलेट तपासणे व्यर्थ आहे.

दुसरी पायरी : माणसाला बाजूला काढणे

उभे राहून पेलेटची चाचणी होत नाही. कितीही चांगला नेमबाज असला तरी त्याच्या शरीराची हालचाल पेलेटच्या चुकीपेक्षा कित्येक पटींनी मोठी असते. उत्तम मार्ग म्हणजे भक्कम टेबलाला जखडलेला व्हाइस, म्हणजे जबड्यांचा शिकंजा. त्यात रायफल उत्पादकाने सांगितलेल्या जागी किंवा त्यासाठीच बनवलेल्या अडॅप्टरने पकडावी. बॅरल किंवा हवेचा सिलिंडर कधीही जबड्यात धरू नये. बॅरल दाबले गेले तर निकाल बिघडतो आणि सिलिंडर दाबला गेला तर धोका असतो. शॉट मारल्यावर, पेलेट भरताना आणि बोल्ट बंद करताना रायफल जागची हलत नाही हे पाहण्यासाठी पहिले पाच-दहा शॉट नुसते खर्च करावेत.

व्हाइस नसेल तर बसून, पुढे आणि मागे वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून चाचणी घेता येते. पुढची पिशवी स्टॉकखाली असावी, बॅरलखाली नव्हे, आणि प्रत्येक शॉटला ती त्याच जागी असावी. या पद्धतीत डोळ्याची चूक मिसळते, म्हणून जास्त शॉट मारावे लागतात. वाईट लॉट वगळायला ती पुरेशी आहे. दोन चांगल्या लॉटमधला बारीक फरक मात्र तिने कळत नाही, आणि तो कळल्याचा आव आणू नये.

सुरक्षेचे नियम व्हाइसमुळे शिथिल होत नाहीत. उलट रायफल एका दिशेला जखडलेली असल्यामुळे माणसे बेफिकीर होतात आणि लक्ष्याचा कागद बदलायला सरळ पुढे चालू लागतात. कोणीही पुढे जाण्याआधी बोल्ट उघडा, चेंबर रिकामे असल्याचे डोळ्यांनी पाहा, बॅरलमध्ये सुरक्षा दोरी घाला आणि रेंज अधिकाऱ्याची परवानगी घ्या. चाचणी अधिकृत रेंजवर, योग्य पेलेट-ट्रॅप (पेलेट अडवणारी पेटी) लावून आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा घालूनच करावी.

तिसरी पायरी : पेलेट भरण्याची सवय

ही पायरी लोक गाळतात, म्हणून तिच्यावर थोडा वेळ थांबतो. डब्यातून पेलेट घेताना चिमटीने स्कर्ट दाबला जाणार नाही अशा तऱ्हेने, कमरेला धरून उचला. उजेडाकडे स्कर्टची बाजू करून पाहा : कड पूर्ण गोल आहे का, आत शिशाचा कीस चिकटलेला आहे का, डोक्याच्या काठावर उंचवटा राहिला आहे का. शंका आली की तो पेलेट बाजूला ठेवा. फिरवून, दाबून सरळ करू नका. मग पेलेट ट्रेमध्ये ठेवून अंगठ्याने किंवा बोटाने बॅरलच्या तोंडाशी सरळ टेकवा आणि बोल्ट एकाच गतीने, धक्का न देता बंद करा. पेलेट तिरका गेला तर बोल्ट किंचित अडतो आणि बोटाला ते जाणवते. तो शॉट मारा, पण मारण्यापूर्वीच वहीत खूण करा. निशाण पाहिल्यानंतर सुचलेली कारणे चाचणीत धरायची नसतात.

पेलेट धुणे, त्यांना तेल लावणे, एकेक तोलून गट पाडणे, अशा गोष्टी नवोदितांना फार मोहवतात. चांगल्या मॅच पेलेटच्या वजनातला फरक इतका कमी असतो की तोलण्यात घालवलेल्या संध्याकाळचे लक्ष्यावर काहीच दिसत नाही. तो वेळ लॉट तपासण्यात घालवावा.

चौथी पायरी : शॉट मारण्याचा क्रम

पाच किंवा सहा लॉट घ्या, दोन-तीन कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या मापांचे. शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला तरी त्यांना अ, ब, क अशी अक्षरे द्यायला सांगा आणि कोणते अक्षर कोणत्या डब्याचे हे चाचणी संपेपर्यंत पाहू नका. महाग डबा चांगलाच असणार, ही समजूत मोजमापात कशी शिरते ते आपल्याला कळतही नाही.

बॅरल नुकतेच साफ केले असेल तर पहिले दहा-वीस शॉट भटकतात. ते मोजू नका. लॉट बदलल्यावरही आधीच्या पेलेटचा शिशाचा आणि वंगणाचा थर बॅरलमध्ये असतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर किमान पाच शॉट मोकळे मारून मग मोजायचे शॉट सुरू करा.

पहिल्या फेरीत प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे दोन ग्रुप घ्या. क्रम आधी अ ते फ आणि मग उलटा, फ ते अ असा ठेवा. सकाळपासून दुपारपर्यंत तापमान बदलते, व्हाइस किंचित सैल होतो, तपासणारा थकतो. उलट्या क्रमामुळे हे सगळे सर्व लॉटवर सारखे वाटले जाते. उघडपणे मागे पडलेले लॉट इथेच वगळा. उरलेल्या दोन-तीन लॉटचे आणखी तीन-तीन ग्रुप घ्या.

पाचवी पायरी : मोजणे, आणि मोजमापावर कितपत विसंबायचे ते ठरवणे

कागदावर ग्रुप मोजण्याची रूढ पद्धत अशी : भोकाच्या बाहेरील कडेपासून सर्वांत दूरच्या बाहेरील कडेपर्यंत व्हर्नियरने मोजायचे आणि त्यातून एका पेलेटच्या भोकाचे माप वजा करायचे. कागद किंचित आकसतो, त्यामुळे भोक बरोबर ४.५ मिलिमीटरचे नसते. त्याच कागदावर एक सुटा शॉट मारून त्याचे माप घ्यावे आणि तेच वजा करावे. रायफलीसोबत येणाऱ्या कारखान्याच्या चाचणीपत्रावर बहुधा पाच शॉटचे एकच सुंदर भोक असते. ते पाहून आनंद जरूर मानावा, पण आपला ग्रुप त्याच्याशी ताडून पाहू नये.

याचे कारण पाच शॉटच्या ग्रुपचा स्वभाव. रायफल तीच, लॉट तोच, काहीही न बदलता एकामागून एक पाच-पाच शॉटचे ग्रुप मारले आणि त्यांची सरासरी ०.९ मिलिमीटर आली, तरी त्यांत ०.६५ चेही ग्रुप असतील आणि १.१५ चेही. हा फरक निव्वळ योगायोगाचा असतो. नवोदित ०.६५ चा ग्रुप पाहून हरखतो, कागद कापून पाकिटात ठेवतो आणि त्या लॉटचे दहा डबे आणतो. दुसऱ्या लॉटचा १.१५ चा ग्रुप निघाला म्हणून तो टाकून देतो, आणि तो कदाचित हुबेहूब तितकाच चांगला असतो. दहा शॉटचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरी सुमारे पावपट मोठा दिसतो, त्यामुळे वेगवेगळ्या शॉटसंख्येचे ग्रुप एकमेकांशी तुलना करण्याच्या लायकीचे नसतात.

त्याहून चांगले माप म्हणजे सरासरी त्रिज्या. ग्रुपचे केंद्र काढायचे, प्रत्येक शॉट त्या केंद्रापासून किती दूर आहे ते मोजायचे आणि त्या अंतरांची सरासरी घ्यायची. ग्रुपची रुंदी फक्त दोन टोकांच्या शॉटवर ठरते. सरासरी त्रिज्येत प्रत्येक शॉटला मत असते. कागदावर सर्व भोके एकात एक मिसळतात, म्हणून हे काम इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर सोपे जाते : प्रत्येक शॉटचे आडवे आणि उभे अंतर यंत्र देते, बाकीचे गणित साध्या स्प्रेडशीटमध्ये होते. दर ग्रुपची त्रिज्या त्याच्या स्वतःच्या केंद्रापासून काढा आणि मग ग्रुपांची सरासरी घ्या, म्हणजे ग्रुप लक्ष्यावर थोडा इकडेतिकडे सरकला तरी बिघडत नाही.

दोन लॉटचे तीस-तीस शॉट झाले आणि सरासरी त्रिज्येत दहा टक्क्यांचा फरक दिसला, तर तो योगायोगही असू शकतो. अशा वेळी जो लॉट सहज आणि भरपूर मिळतो तो घ्या. फरक पंचवीस-तीस टक्क्यांचा असेल तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. आणि एक नियम कधीही मोडू नका : एखादा शॉट दूर गेला म्हणून तो हिशेबातून काढू नका. भरतानाच खूण केली असेल तर गोष्ट वेगळी. अन्यथा तो दूर गेलेला शॉट त्या लॉटचाच आहे आणि स्पर्धेत तो पुन्हा येणार आहे. मला तर सरासरीने थोडा मोठा पण कधीही न भरकटणारा लॉट, सरासरीने सुंदर पण मधूनच एक शॉट फेकणाऱ्या लॉटपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

निवडीनंतर

लॉट ठरला की त्याच लॉट क्रमांकाचे, पुढचा पूर्ण हंगाम पुरतील इतके डबे एकदम घ्या. काही आठवड्यांनी तोच लॉट मिळेल याची शाश्वती नसते. सरावासाठी त्याच मापाचा स्वस्त पेलेट वापरायला हरकत नाही, पण स्पर्धेआधीचा शेवटचा आठवडा स्पर्धेच्याच लॉटवर घालवावा, म्हणजे साइटची जुळणी बदलावी लागत नाही. डबे कोरड्या जागी, आडवेतिडवे न हलवता ठेवा. दमट हवेत शिशावर पांढरट भुकटी धरते. असे पेलेट वापरू नयेत आणि हातही लावू नये.

शिसे विषारी आहे. पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, पेलेट तोंडात धरू नका, आणि ट्रॅपभोवतीची धूळ कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा. घरात लहान मुले असतील तर डबा कुलपात असावा.

पन्नास मीटर स्मॉलबोअरमध्येही हीच पद्धत चालते. तिथे .२२ रिमफायर काडतुसे स्वतः भरण्याचा प्रश्न नसतो, आणि एली व लापुआ यांसारखे उत्पादक नेमबाजाची रायफल आपल्या चाचणी केंद्रात व्हाइसमध्ये लावून वेगवेगळे लॉट तपासण्याची सोय देतात. तिथेही शॉटची संख्या, उलटा क्रम आणि दूर गेलेला शॉट न वगळण्याचा नियम तसाच लागू होतो.

पुन्हा चाचणी कधी घ्यायची ते आधीच वहीत लिहून ठेवा : लॉट संपत आला की, बॅरल किंवा रेग्युलेटर बदलला की, आणि वेग मोजताना जुन्या नोंदीपेक्षा वेगळा दिसला की. एक-दोन स्पर्धा वाईट गेल्या, हे कारण या यादीत नसावे. तेव्हा राखून ठेवलेल्या डब्यातले वीस शॉट व्हाइसमधून मारून जुन्या आकड्याशी पडताळा, आणि आकडा जुळला तर पेलेटचा डबा बंद करून सरावाला लागा.